उपासाला औषध चालतं

मी लिहिणारा माणूस नाही. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर लोखंड कातण्यात जन्म गेला. दवाखान्यात गोळ्या घ्यायला रांगेत बसलो की नवीन आलेली माणसं विचारतात, "काका, तुमी किती वर्सं घेताय?" मी सांगतो. ऐकून त्यांच्या तोंडावर जरा रंग येतो. ह्यो म्हातारा एवढी वर्षं राहिलाय म्हणजे आपण पण राहू, असं त्यांना वाटतं. वाटू दे. पण मी कसा राहिलो आणि कोण गेलं, हे रांगेत बसून सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहायला घेतलंय.

माझं नाव टाकत नाही. बायकोचं टाकतो. तिचं नाव शालन. तिला लपवण्यासारखं काही नव्हतं, जे होतं ते मला होतं.

नागीण

सुरुवात नागिणीनं झाली. सत्त्याण्णव साली, दिवाळीच्या तोंडावर, कमरेला डाव्या बाजूनं फोड उठले. आग अशी की सदरा अंगाला लागू देईना. आमचं गाव औंधच्या बाजूला. तिकडं म्हणतात, नागिणीचं तोंड आणि शेपूट कमरेभोवती भिडलं की माणूस गेला. थोरल्या भावानं गावाकडनं गेरू आणून लेप दिला. शालन रोज सकाळी सुतळी घेऊन मोजायची, किती सरकली. मोजून झालं की म्हणायची, "अजून चार बोटं लांब हाय. भ्याचं काम न्हाई."

चार बोटं लांब असतानाच सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी फोड बघितले, जीभ बाहेर काढायला लावली, तिच्यावरचा पांढरा थर बघितला आणि रक्त काढायला पाठवलं. आठवड्यानं परत गेलो तर त्यांनी आधी खोलीचं दार लावून घेतलं. दार लावून चांगली बातमी कोण सांगतं? एचआयव्ही आहे, म्हणाल्या. आडवळण नाही, काही नाही. मग हळू आवाजात म्हणाल्या, "बायकोचं आणि मुलीचंही रक्त बघावं लागेल."

कुठनं आलं हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं. आमच्या पोरीच्या, मनीषाच्या वेळी शालन बाळंतपणाला फलटणला माहेरी गेली होती आणि मी पुण्याकडं एका कारखान्यात कामाला होतो. खोलीतली चारपाच पोरं शनिवारी जायची, मी पण गेलो. एकदा नाही, बऱ्याचदा. त्याच्यावर आणखी काय लिहू? लाज वाटते एवढंच लिहितो.

मनीषा तेव्हा सहा वर्षांची. तिचं रक्त चांगलं निघालं. शालनचं नाही. डॉक्टरबाई शालनला समजावून सांगत होत्या, ती मान हलवत होती, आणि त्यांचं सांगून झाल्यावर तिनं एकच विचारलं, "पोरगीचं नक्की न्हाई न्हवं?" त्यांनी नक्की म्हटल्यावर उठली. वाटेत मला गाडी थांबवायला लावली आणि भेंडी घेतली, एक एक शेंडा मोडून बघून. माझं डोकं सणकलं. म्हटलं, हिला कळलंय तरी का काय झालंय ते? सगळं कळलं होतं. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणाली, "कोण व्हती ती?" मी सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि पुन्हा कधीही तो विषय काढला नाही. काढला असता, दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

एका माणसापुरतं

त्या काळात ह्या रोगाला आपल्याकडं औषध म्हणजे वरवरचंच. ताप आला तर तापाचं, जुलाब लागले तर जुलाबाचं. बाहेरच्या देशात नवीन गोळ्या आल्यात, तीन प्रकारच्या एकत्र घ्यायच्या, माणसं मरणाच्या दारातनं परत येतायत, असं कानावर यायचं. आमच्यासारख्याला ते ऐकून काय उपयोग?

पण अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. त्यांच्या ओळखीचे एक डॉक्टर परदेशात होते, त्यांनी गोळ्या देऊ केल्या होत्या. एका माणसाला वर्षभर पुरतील एवढ्या. "पुढच्या वर्षीचं मी बघते, काहीतरी करते," बाई म्हणाल्या, "पण आता एकालाच. निम्म्या निम्म्या वाटून घ्यायचं मनातही आणू नका, दोघंही जाल. दोघांनी बसून ठरवा."

बसून काय ठरवायचं असतं हो असलं? मी घरी आल्या आल्या म्हटलं, तू घे. मी केलंय, मी भोगीन. पोरीला आई पाहिजे. शालन चिडली. एवढी चिडलेली मी तिला कधी बघितली नव्हती.

"आवं, डोस्कं ठिकाणावर हाय का तुमचं? तुमी गेल्यावर ह्या रोगाची बाई म्हणून मला कोण दारात उभं करंल? तुमचा भाऊ? का फलटणला माझी वैनी? पोरगीला घिऊन मी जाऊ कुठं? तुमी राह्यला तर तिला घर ऱ्हाईल, नाव ऱ्हाईल, साळा सुटायची न्हाई. मी लय इचार केलाय. तुमीच घ्या."

मी नाही म्हणालो. दोन दिवस नाही म्हणालो. तिसऱ्या दिवशी हो म्हणालो. तिचं बोलणं खरं होतं हे एक, आणि मला जगायचं होतं हे दुसरं. दुसरं मी तेव्हा स्वतःलासुद्धा कबूल केलं नाही.

सहा, दोन, दहा

त्या गोळ्यांतल्या पांढऱ्या कॅप्सूलचा नेम कडक. दर आठ तासांनी, अगदी उपाशीपोटी. जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तास, आणि वर तांब्याभर पाणी. "पोटात पाण्याशिवाय काही नको," डॉक्टरबाईंनी बजावलं. शालननं ते असं डोक्यात घेतलं की विचारू नका. ती औंधच्या यमाईचे मंगळवार लहानपणापासून धरायची, उपासाची तिला सवय. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. कॅलेंडरवर प्रत्येक तारखेखाली तीन टिंबं, गोळी घेतली की टिंबाभोवती गोल. शिळ्या चहाचा घोट घ्यायला गेलो तरी हातातनं कप काढून घ्यायची. "वाजल्यात किती? ठिवा खाली."

पंधरा दिवसांत पोट जळायला लागलं. छातीपर्यंत आग यायची, तोंडाला आंबट पाणी सुटायचं, ओकारी यायची. मला वाटलं गोळ्या उष्ण पडतायत. सगळ्यांनाच असं वाटतं आपल्याकडं, औषध जालीम असलं की उष्ण पडणारच. सांगलीला जाऊन सांगितलं असतं तर एक दिवसाचा खाडा झाला असता, आणि खाडे आधीच लय झाले होते. म्हणून गल्लीतल्या डॉक्टरकडं गेलो. हा आमचा नेहमीचा डॉक्टर, पोरीच्या सर्दीपासनं सगळं त्याच्याकडंच. त्याला म्हटलं, छातीच्या जुन्या दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत, उपाशीपोटी घ्यायला लागतात. खरं सांगितलं नाही. त्याचा कंपाउंडर आमच्यापासनं दोन घरं सोडून राहायचा, सांजच्याला अख्ख्या गल्लीला कळलं असतं आणि दुसऱ्या दिवशी पोरीला शाळेत कुणी जवळ बसवून घेतलं नसतं. डॉक्टरनं बिचाऱ्यानं जे ऐकलं त्यावर औषध दिलं. पोटातलं आम्ल कमी करायची एक गोळी रोज सकाळी, आणि गुलाबी पातळ औषध, दिवसातनं तीन वेळा दोन दोन चमचे.

ते गुलाबी औषध शालननं हातात घेतलं. गोळीच्या अर्धा तास आधी दोन चमचे, म्हणजे पोटाला अस्तर लागतं आणि मग गोळी बाधत नाही, असा तिचा हिशेब. मी एकदा म्हटलं, "अगं, पोटात पाण्याशिवाय काय नगो म्हणाल्यात बाई."

"ते खायाचं म्हणाल्यात. औषध म्हंजे काय खाणं हाय व्हय? कडक मंगळवार धरला तरी उपासाला औषध चालतंय. देवीला चालतंय, मग हितं का चालत न्हाई?"

पटलं मला. तुम्हालाही पटलं असतं. दुपारच्या वेळेचं ती एका छोट्या बाटलीत भरून डब्याबरोबर द्यायची. कारखान्यात दीड वाजता मी लेथ बंद करून आडोशाला जाऊन दोन घोट घ्यायचो. पोटाची आग थांबली. शालन खूश झाली, मी पण झालो.

डॉक्टरबाईंचा प्रश्न

दर महिन्याला सांगलीला जायचं. पहिल्या दोन महिन्यांत वजन थोडं वाढलं, मग थांबलं, मग उतरायला लागलं. डॉक्टरबाई दर खेपेला विचारायच्या, "दुसरं काही औषध घेता का?"

मी दर खेपेला म्हणायचो, "न्हाई."

का म्हणायचो, ते सांगतो, कारण ह्याच एका गोष्टीसाठी हे सगळं लिहितोय. हो म्हटलं असतं तर कुणाचं, हे त्यांनी विचारलं असतं. गल्लीतल्या डॉक्टरचं नाव सांगितलं असतं तर त्यांनी त्याला चिठ्ठी दिली असती. चिठ्ठी कंपाउंडरनं वाचली असती. एवढं सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात फिरायचं. आणि वरनं मला असंही वाटायचं, पोटाचं औषध ते काय औषध आहे का? गुलाबी, गोडसर, पेपरमिंटच्या वासाचं. सांगलीच्या डॉक्टरला कुपवाडचं कळू द्यायचं नाही आणि कुपवाडच्या डॉक्टरला सांगलीचं. दोन घरं सांभाळणाऱ्या माणसासारखं माझं चाललं होतं.

सहाव्या महिन्यात शालनला खोकला धरला. क्षय निघाला. तिला वेगळ्या गोळ्या चालू झाल्या. आठव्या महिन्यात माझ्या जिभेवर परत पांढरा थर आला.

बाई भडकल्या. "तुम्ही गोळ्या चुकवताय. खरं सांगा." मी देवाची शपथ घेतली. त्यांचा विश्वास बसेना. शेवटी म्हणाल्या, "पुढच्या वेळी बायकोला घेऊन या."

शालन आली. खोकत होती, पण नवीन पातळ नेसून, बरोबर कॅलेंडरची आठ पानं गुंडाळी करून घेऊन आली. बाईंच्या टेबलावर एक एक पान पसरलं. "बघा. एक गोल चुकला आसंल तर माझं नाव बदला." मग तिनं सगळं सांगायला घेतलं, पहाटे उठल्यापासनं. साडेपाचला दोन चमचे गुलाबी औषध, सहाला गोळी, मग तांब्याभर पाणी. दीडला पुन्हा दोन चमचे, दोनला गोळी. बाईंच्या हातातलं पेन थांबलं.

"कसलं गुलाबी औषध?"

"पोटाचं. त्यानंच तर गोळ्या पचल्या ह्यास्नी, न्हाईतर पोट लय जळायचं."

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मी खाली बघितलं. मग त्या शालनला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर जाऊन वजन करून या." ती गेल्यावर त्यांनी मला सांगितलं. ती कॅप्सूल पोटातल्या आम्लातच विरघळते. आम्ही तेच आम्ल दिवसातनं तीन वेळा, आठ महिने, मारत होतो. औषध रक्तात गेलं ते थोडंथोडकं, आणि थोड्याथोडक्या औषधानं हा विषाणू मरत नाही, उलट त्याला पचवायला शिकतो. आता ह्या गोळ्यांचा मला उपयोग नाही.

"मी दर वेळी विचारत होते तुम्हाला," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, ओरडा हो, मारा दोन तोंडात.

मी म्हटलं, उरलेल्या चार महिन्यांच्या हिला द्या. त्यांनी नाही अशी मान हलवली. शालनला क्षयाच्या गोळ्या चालू होत्या आणि ह्या दोन्ही एकत्र चालत नाहीत. ज्या वेळी तिला देता आल्या असत्या त्या वेळी त्या मी गिळत होतो. उरलेल्या गोळ्या साताऱ्याच्या एका मास्तरांना गेल्या. मास्तर कोण, कसे, मी बघितले नाहीत.

शालन वजन करून आत आली. "काय म्हणाल्या बाई?"

"काम झालं म्हणाल्या," मी बोललो. "गोळ्या बंद केल्या तरी चालतंय म्हणाल्या."

डॉक्टरबाईंनी कॅलेंडरची पानं गोळा करून तिच्या हातात दिली. शालननं तिथंच उभ्या उभ्या औंधच्या दिशेला हात जोडले. पुढच्या मंगळवारी, अंगात धाप असताना, यष्टीनं जाऊन यमाईची ओटी भरून आली.

खाट

नव्व्याण्णवच्या पावसाळ्यानंतर तिला दवाखान्यात ठेवलं. तेव्हा आमच्यासारख्यांची खाट वेगळी, वॉर्डाच्या टोकाला, संडासाच्या दाराशी. केसपेपरवर लाल पेनानं काहीतरी लिहिलेलं असायचं, ते वाचून वाढणारी पोरं जेवणाचं ताट लांबनं सरकवायची. ताट स्टुलावरनं घसरून डाळ सांडली तरी कुणी पुसत नव्हतं. मी पुसायचो.

पण तिथं एक आया होत्या, सगळे त्यांना मावशी म्हणायचे. मिरजेच्या, मुसलमान, दोन नातवांना एकट्यानं वाढवणाऱ्या. त्या दुपारी काम आटपलं की शालनच्या खाटेवर, तिच्याच पांघरुणावर बसायच्या आणि तिची वेणी घालायच्या. केस राहिले होते मूठभर. "तुमी कशाला हात लावताय, मावशी," शालन म्हणायची. "गप बस. तेल लावल्याबिगर वेणी बसंल व्हय?" एवढंच. ती बाई मला जन्मात विसरता येणार नाही.

पलीकडच्या खाटेवर एक म्हातारी होती, पोटाच्या दुखण्याची. शालन तिला सांगायची, "ह्यास्नी बी लय वंगाळ झालतं. पर मी एक गोळी चुकू दिली न्हाई. बघा आता, कामाला जात्यात." म्हातारी माझ्याकडं कौतुकानं बघायची. मला तेव्हा रोज सांजच्याला ताप यायचा, मी तो लपवत होतो. मावशींना पण ती तेच सांगायची, सिस्टरला तेच, मनीषा भेटायला आली की तिलाही तेच. दर वेळी मला वाटायचं, जमीन फाटून आत गेलो तर बरं.

तुमच्यासाठी

पुढची बरीच वर्षं मी कशी काढली ते सांगत बसत नाही. दोनदा मरता मरता राहिलो. मग सरकारी दवाखान्यात फुकट गोळ्या आल्या, त्या वेगळ्या जातीच्या होत्या, मला लागू पडल्या. मनीषा शिकली, आता नोकरी करते. साळा सुटायची न्हाई म्हणाली होती तिची आई, सुटली नाही.

ज्यांच्या घरात ह्या गोळ्या चालू आहेत त्यांना एकच सांगतो. घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरा आणि ती पिशवी डॉक्टरच्या टेबलावर उपडी करा. पोटाचं, खोकल्याचं, काढा, चाटण, सोडा, सगळं. ते औषधात धरतात का नाही हे आपण ठरवायचं नाही. आणि दोन डॉक्टर असतील तर दोघांना एकमेकांचं सांगा. गल्लीला कळंल, लोक बोलतील, पोरीला त्रास होईल, सगळं खरं आहे. तरी सांगा.

मी तिला सांगितलं

आणि एक राहिलं. हे कुणालाच सांगितलेलं नाही, मनीषालाही नाही.

एक दिवस दुपारी, वॉर्डात सगळे झोपलेले असताना, मी शालनला सगळं सांगितलं. मला राहवेना. वेणी घालून निघालेल्या मावशींना तिनं मिनिटापूर्वीच पुन्हा तेच कौतुक ऐकवलं होतं. मी तिचा हात धरला आणि सांगत सुटलो. गुलाबी औषध, पोटातलं आम्ल, बाई दर महिन्याला काय विचारायच्या, मी काय उत्तर द्यायचो, त्या दिवशी काम झालं म्हणालो ते कसं खोटं होतं. रडत रडत सांगितलं. मन मोकळं होईल, ती माझ्या डोक्यावरनं हात फिरवील, असं वाटत होतं मला. खरंच वाटत होतं.

तिनं वर पंख्याकडं बघितलं. मग म्हणाली, "म्हंजे माझ्या हातनं झालं."

"न्हाई गं. माझ्या खोटं बोलण्यानं झालं. तुझा काय दोष?"

"चमचा मीच भरत हुते न्हवं."

तिनं हात सोडवून घेतला.

"आवं, मग आता मला कशाला सांगितलंसा?"

"मनात ठिवून जगता येईना, शालन."

"तुमास्नी जगता येईना," ती म्हणाली. धाप लागत होती, थांबून थांबून बोलत होती. "आन् मी कशावर पडून हुते हितं? तुमी माझ्यामुळं राह्यला, पोरगीला बाप माझ्यामुळं हाय, म्हणून जायाचं मला काय वाटत नव्हतं. तेवढं एक हुतं माझ्यापाशी. ते बी घेतलंसा."

आणि तिनं तोंड भिंतीकडं केलं. मी माफी मागत राहिलो. त्यानंतर ती नऊ दिवस होती. मनीषाच्या गणवेशाचं बोलली, घरातल्या गळक्या नळाचं बोलली, "मावशींना माझं एक पातळ द्या," म्हणाली. माझ्या माफीला तिनं उत्तर दिलं नाही.